जर्दाळू थांबत नाहीत

मार्चमध्ये पापा रशियाला गेले, सिमेंट कालवायला.
आमच्या गल्लीतले सगळेच पापा गेले.
उरले म्हातारे, कुत्री
आणि जर्दाळूची झाडं.

जर्दाळू कुणासाठी थांबत नाहीत.
जूनच्या अखेरीस एका रात्रीत पिकतात
आणि पहाटे पत्र्यावर पडतात, टप्, टप्,
वर बसून कुणी चिल्लर मोजावी तसे.
आई उठते, डोक्याला फडकं बांधते,
म्हणते, चला.

मी फांदी हलवायची.
मेनुआ, सहा वर्षांचा, चादरीचं चौथं टोक धरायला ठेवलेला,
टोक सोडून मधोमध जाऊन उभा राहायचा
डोक्यावर फळं पडावीत म्हणून.

आरेवहात आत्या स्वतःची कढई घेऊन आली.
आमच्या कढईवर तिचा विश्वास नाही,
आईच्या साखरेच्या मापावर तर मुळीच नाही.
"तुझा मुरंबा पळतो, झाबेल."
"तुमचा दाताला चिकटतो, वन्सं."
असं म्हणत दोघी दुपारभर
एकाच पळीने आळीपाळीने ढवळत राहिल्या.
आम्ही पायरीवर बसून दगडाने बिया फोडल्या.
गोड बी कढईत.
एकुलती कडू बी मेनुआच्या तोंडात,
आणि त्याचं तोंड बघायला
पळीसुद्धा थांबली.

उरलेल्या फोडी छपरावर वाळत घातल्या.
वरून आरारात दिसतो, बर्फाचा, कुंपणापलीकडे, दुसऱ्यांच्या देशात.
"रशिया त्याच्या मागे आहे?"
"नाही रे, तुझ्या मागे."
मेनुआ वळून बसला.
अंधार पडेपर्यंत
टेकडीकडे तोंड करून बसला होता.

जुलैत वार्दावार आला, पाणी उडवायचा सण.
त्या दिवशी रागवायची मुभा नसते.
शेजारचा सेरोब लग्नाला निघाला होता, इस्त्रीचा शर्ट, नवे बूट;
आईने गच्चीवरून अख्खी बादली ओतली.
इतक्या महिन्यांत
तिचं हसणं गल्लीच्या टोकापर्यंत गेलं नव्हतं.

पापांची निवा गाडी अंगणात, ताडपत्रीखाली.
आईचं लायसन्स सात वर्षांचं,
सराव सात मिनिटांचा.
ऑगस्टमध्ये एका पहाटे तिने ताडपत्री ओढली. म्हणाली, सेवानला जायचं.
लवाशच्या घडीत चीज आणि हिरवा पाला,
टोमॅटो, पुडीत मीठ, उकडलेली अंडी,
द्राक्षाच्या पानांतली तोल्मा पातेल्यासकट,
पातेलं टॉवेलात, टॉवेल आत्याच्या मांडीवर.
आत्या प्रत्येक वळणाला छातीवर क्रूस काढायची,
मग पातेलं धरायची, मग पुन्हा क्रूस.
येरेवानपर्यंत दुसरा गियर.
मागे हॉर्नची वरात.
चढावर गाडी तीनदा बंद पडली.
चौथ्यांदा आई स्टिअरिंगला म्हणाली,
"हे बघ, त्याच्यासारखं करू नकोस."
आणि गाडी निघाली.

सेवानचं पाणी ऑगस्टातही हाडाला लागतं.
आई गुडघ्यापर्यंत गेली, झगा मुठीत धरून,
आणि बराच वेळ परत आली नाही.
आम्ही हाका मारल्या नाहीत.
तोल्मा तेवढी गार झाली.

परतताना रस्त्याच्या कडेला मासेवाले,
हातात मासा नाही, नुसते हात पसरून उभे:
एवढा आहे माझ्याकडे, एवढा!
आम्ही घेतला नाही. महाग होता.

रात्री पापांचा फोन. त्यांच्या मागे निळी कॅबिन, कुणाची तरी वाळत घातलेली बनियन.
मेनुआने मासा दाखवायला हात पसरले,
आणखी पसरले, खांदे दुखेपर्यंत.
"दिसत नाहीत रे तुझे हात," पापा म्हणाले,
"फोनबाहेर गेलेत."
तो म्हणाला, "मासा तेवढाच होता."

फळीवर डावीकडे आईच्या बरण्या,
उजवीकडे आत्याच्या.
पापा आले की चाखून सांगतील, असं दोघींचं ठरलंय.
पापा,
नोव्हेंबरला अवकाश आहे.
काय बोलायचं ते
नीट ठरवून या.