घडी

चादरीची दोन टोकं तिच्या हातात, दोन माझ्या.
अकरा वर्षं अशा आम्ही एकमेकींकडे चालत आलो
गोथेनबर्गच्या इस्पितळात, तळघरातल्या लॉन्ड्रीत,
आणि घडी झाली की परत मागे.
बोलणं बेताचंच. यंत्रांचा आवाज फार.

शनिवारी झेनेबेच म्हणाली,
गुनव्होर, चल, जेवायला.

बाहेर बर्फाचा चिखल. आत धूप,
टोपलीसारखं विणलेलं टेबल,
त्यावर गुंडाळून ठेवलेलं काहीतरी करडं, ओलसर, मऊ.
मी सवयीने उलगडून मांडीवर पसरलं.
झेनेबेच इतकी हसली
की मालकीण आतून हात पुसत आली.
"अगं, इंजेरा आहे तो. खायचा!"

काटा शोधला. नव्हता.
ताट म्हणजेही तोच, आंबूस, जाळीदार,
वर डाळी, लालभडक रस्सा, रश्शात एक अख्खं अंडं.
माझ्या मनगटापर्यंत ओघळ, नाक वाहतंय.
"असं नाही गं."
तिने एक घास वळला, चांगला मोठा,
आणि माझ्या तोंडासमोर धरला.

शेजारच्या टेबलावर कुणी पाहत नव्हतं.

शेवटचा चमचा मीच धरला होता, लेनार्टपुढे,
वाटाण्याचं सूप. त्याने मान फिरवली होती.
माझ्यापुढे कुणी कधी धरला होता,
आठवेना.

तोंड उघडायला वेळ लागला.
तिचा हात तिथेच.
घास मावला नाही, हनुवटीवर डाळ.
"अजून एक," ती म्हणाली, "एकावर सोडत नाहीत."

सोमवारी माझ्या नखांत तांबडं होतं अजून,
पांढऱ्या चादरीच्या कोपऱ्याला लागलं.
दोघींनी पाहिलं.
परत धुवायला टाकली.