किलोचा भाव, नगाचा भाव

उद्यमनगरच्या मागं, म्युनिसिपालटीच्या शाळेत
तिसरी ‘ब’चा वर्ग
संध्याकाळी साडेसहानंतर माझा असतो.
भिंतीवर ‘ण बाणातला’ तसाच,
बाकं बुटकी,
गुडघे मावत नाहीत म्हणून
यशवंत लोहार तिरका बसतो.
वय एकोणपन्नास. दोनदा आंघोळ करूनही
केसांत फौंड्रीची काळी वाळू.

पहिल्या दिवशी त्याच्या हातात व्हर्नियर दिला.
त्यानं तो चिमट्यासारखा धरला,
मग बाजूला ठेवला,
कास्टिंगच्या कडेवरून अंगठा फिरवला
आणि म्हणाला, “सूतभर जास्त हाय.”
मी मोजलं.
सूतभरच जास्त होतं.

याला मी काय शिकवणार?
एवढंच, की एका सुताच्या पोटात
तीन हजार एकशे पंचाहत्तर मायक्रॉन असतात
आणि त्यातल्या विसासाठी
माल परत येतो.

याच्या भट्टीतलं ओतीव
आजवर ट्रकातून गेलं ते किलोच्या भावानं,
बटाट्यासारखं.
तिकडं कुणीतरी त्याला भोकं पाडली, तोंड घासलं,
आणि तेच विकलं नगाच्या भावानं.
मी फळ्यावर दोन्ही आकडे लिहिले,
म्हटलं, करा वजाबाकी.
उत्तर सगळ्यांना आलं, बोललं कुणीच नाही.
शेवटच्या बाकावरून शमा नदाफ म्हणाली,
“म्याडम, ह्या वजाबाकीतच माझा भाऊ गेला.”
भाऊ चाकणला. एका खोलीत सहाजण,
झोपायचीसुद्धा पाळी.

लेथ आम्ही लिलावात घेतलं,
बंद पडलेल्या कारखान्याचं, गंजासकट.
उतरवायला तालमीतली पोरं आली.
पैसे नकोत म्हणाली,
तालमीच्या दाराचं बिजागर तेवढं करून द्या.
तेच आमचं पहिलं काम.
दार अजून कुरकुरतं.

बत्तीस जणांनी नावं घातली होती.
कुणाची पाळी बदलली, कुणाची सोयरीक झाली,
एक जण नुसताच यायचा थांबला.
दोघं पास झाल्या झाल्या बंगळूरला गेले.
त्यांच्यावर माझा राग नाही.
थोडा आहे.

शिरोलीत यशवंतच्या मालकानं
जुनं मशीन घेतलं, कर्ज काढून, देव पाण्यात ठेवून.
चालवायला शमा.
पहिल्या आठवड्यात तिनं अकरा नग वाया घालवले,
बाराव्याला यशवंतनं अंगठा फिरवला,
काहीच बोलला नाही,
गेज लावला,
मग म्हणाला, “आता माझ्या अंगठ्याला कळंना झालंय.”
हे कौतुक होतं
हे तिला घरी गेल्यावर कळलं.

काल गाडी भरली.
चलन मी पाहिलं: ‘वजन’ रकाना मोकळा,
‘नग’खाली शमाच्या गोल अक्षरात
चारशे बारा.

तिनं त्याचा फोटो भावाला पाठवला.
दोन निळ्या खुणा आल्या.
उत्तर अजून नाही.
त्याची बहुतेक
झोपायची पाळी असेल.