सहा नंबर सापडत नाही

तीस रुपयांचा नकाशा.
घडी उलगडली की रस्ता मधोमध फाटतो.
वर लिहिलंय : आपले आपण फिरा.
वेळ दीड तास. पायांत साध्या चपला. सोबत पाणी.
खाली फोंतेंयच्या गल्ल्या,
आणि एक ते अकरा आकडे, काळ्या वर्तुळांत.

एक, झरा. वाकून बघितलं,
पाण्यात बाटलीचं झाकण आणि आल्तिनोवरच्या झाडांची सावली.

दोन, कपेल. पांढरंशुभ्र.
"पांढरा देवाचा," बाबा म्हणायचे,
"माणसांनी पिवळा घ्यावा, निळा घ्यावा, काव घ्यावी.
देव एकदाच रंगवून होतो,
पोट माणसांवर चालतं."

तीन नंबरच्या छपरावर मातीचा कोंबडा.
नकाशा त्याचं चार ओळी कौतुक करतो.
त्याच्यापर्यंत पोचायला शिडी कुठं टेकवायची
आणि खालून ती कुणी धरायची,
ते नाही सांगत.

चार. पाच.
शिंपल्यांच्या खिडकीआड कुणाच्या तरी टीव्हीवर क्रिकेट.

मग एकदम सात.
मागे आले, पाच. पुढे गेले, सात.
मधे एक स्कूटर, वाळत घातलेली चादर,
आणि एका दाराला एवढं मोठं कुलूप
की घरच त्याच्यामागे लपलेलं.

भिंतीचा तळहाताएवढा पोपडा सुटलाय.
वर गुलाबी, डब्यातला, चकचकीत.
त्याखाली पिस्ता. त्याखाली काव.
आणि सगळ्यांत आत, चुन्यात कालवलेली नीळ,
शाळेच्या सदऱ्यांना घालायचो ना, तीच, पुडीतली.

हे प्रमाण मला पाठ आहे.
बालदीला दोन पुड्या, मूठभर मीठ,
मग बोटानं भिंतीवर एक ठिपका ठेवून
बिडी संपेपर्यंत थांबायचं.
ओला रंग खोटं बोलतो.

"फोटो काडूं नाका!"

समोरच्या बलकांवात एक म्हातारी, मांडीवर सोललेला लसूण.
म्हटलं, फोटो नाही, रंग बघतेय.
तिनं चष्मा चढवला.
"कोणाली गो तूं?"

अकरा थांबे होते नकाशावर,
शौचालयाची खूणसुद्धा होती,
पण हे विचारणारं वर्तुळ नव्हतं.

शाबा रंगाऱ्याची, म्हणाले. डिचोलीच्या.

"शाबा!"
इतक्या मोठ्यानं, की मी वर बघितलं,
शिडीवर कुणी आहे की काय.

मग तिनं पायरीकडे बोट केलं.
लाल सिमेंटवर पिवळे तीन थेंब.
"अठ्ठ्याहत्तर साल. रॉकेल लावलं, राख लावली, गेले नाहीत.
माझ्या मांयनं दोन रुपये कापले त्याचे.
बोलला नाही काही.
पण पुढच्या वर्षीपासून
आधी गोणपाट अंथरायचा, मग देव बरें करूं म्हणायचा."

घरी हे कधी आलं नाही.
आम्हाला इतकंच ठाऊक,
पणजीत एक बाई आहे, फार कडक,
चहा मात्र दुधाचा देते.

सहा नंबर विचारला.
"तोच की, तू हात लावत होतीस तो.
लिस्बनहून पत्र आलं मालकांचं, आकडा काढा म्हणून.
लोक भिंतीला टेकून हसतात, रंग अंगाला लागला की भांडतात."
लसणाची साल फुंकून उडवली.
"हल्लीचा रंग लागतच नाही म्हणा अंगाला.
तुला येतं रंगवायला?"

शाळेत शिकवते, म्हटलं. भूगोल.

"मग राहिलं," ती म्हणाली,
आणि गुडघ्यावर हात टेकून उठली, आत गेली.
आतून स्टोव्हचा आवाज.

पुढे अजून सात ते अकरा होते.
दीड तास केव्हाच संपला होता.
थेंबांवर बूड टेकू नये म्हणून
मी पायरीच्या कडेला तिरकी बसले,
समोर ती नीळ, पोपड्यातून एवढीशी,
पूर्ण वाळलेली.

चहा आला.
दुधाचाच होता. साखर जरा जास्त.