परतपाठवणी

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात.
आमच्या इमारतीला बाजूने उतारही आहे.
त्यावरून आला तो, गुडघा धरत,
जुलैच्या सोळा तारखेला,
खिडकी बंद व्हायला वीस मिनिटं असताना.

बर्टलान साकाच. वय एकाहत्तर.
टोलिडोच्या काच कारखान्यात एकतीस वर्षं,
म्हणून आधी माझ्या खिडकीची काच
नखाने वाजवून पाहिली त्याने,
मग माझ्याकडे पाहिलं.

कागद नीट होते. लायब्ररीत बसून टाइप केलेले.
बँक वादी, तो प्रतिवादी.
नदीपलीकडच्या हंगेरियन वस्तीतलं घर, तारण,
थकलेले हप्ते सात.
बँकेने दावा लावला काउंटीच्या कोर्टात, दोन चौक सोडून,
आणि यानं तो कान धरून
आमच्या संघीय कोर्टाच्या दारात आणला होता.
समन्स मिळाल्याचा अठ्ठाविसावा दिवस. मुदत तीस.
मी बोटांवर मोजलं, टेबलाखाली.

आता मला काय ठाऊक होतं ते सांगते.
बँक दुसऱ्या राज्यातली, हा ओहायोचा.
अशा दाव्यांना आमचं दार उघडं असतं ते परक्यासाठी,
परमुलखात आपल्याला न्याय मिळेल का
ही धास्ती ज्याला, त्याच्यासाठी.
ओहायोच्या माणसाला ओहायोत कसली धास्ती?
कायदा असं विचारतो, आणि उत्तराला थांबत नाही.
तू इथलाच, म्हणून तुला इथे येता येत नाही.
तीन वर्षांचा असताना आईच्या कडेवर उतरला हा या देशात,
शाळेत त्याचं नाव कुणाला धड घेता आलं नाही,
आणि कुणी त्याला पुरता इथला म्हणणार होतं
तर ते असं.

हे मला बोलता येत नाही.
माझ्या मागच्या भिंतीवर पाटी आहे:
कर्मचारी कायदेशीर सल्ला देत नाहीत.
सतरा वर्षं ती माझ्या डोक्यामागे आहे,
वाचतात समोरचे.

"बरोबर आहे ना सगळं?"
"सही आहे," मी म्हटलं. "प्रती आहेत."
फी चारशे पाच डॉलर.
माफीचा अर्ज असतो, एवढं सांगता येतं, सांगितलं.
नको म्हणाला.
विसाच्या वीस नोटा, एक पाचाची.
मी दोनदा मोजल्या, हळू,
फार हळू,
तेवढ्यात त्याला काही कळावं म्हणून.
मग शिक्का मारला.

ऑगस्टमध्ये बँकेच्या वकिलाचा अर्ज आला, सहा पानी.
सप्टेंबरच्या अकराला आदेश: दावा परत.
मधले सगळे दिवस पलीकडची फाइल
होती तिथेच, कुणाला हात लावता येईना.

महिन्याच्या शेवटी तो पुन्हा आला.
मी शिव्यांच्या तयारीत. लोक देतात.
त्यानं काउंटरवर बरणी ठेवली,
व्हिनेगरमधल्या लाल मिरच्या.
"आईनं बी आणलं होतं कोटाच्या अस्तरात.
दर साली नवं धरावं लागतं.
जुलैत झाडं वीतभर होती.
हिरव्या मिरचीचं बी उगवत नाही, बाई.
मला सप्टेंबर हवा होता.
कोर्ट कुठलं का असेना."

म्हणजे त्याला माहीत होतं.
की नव्हतं, आणि आता तो मला सोडवत होता?
मी विचारलं नाही.
भेट घेता येत नाही, हाही नियमच.
बरणी मी त्याच्याकडे सरकवली.

उताराकडे वळताना त्यानं खिसा चाचपला,
लिफाफा आहे ना, म्हणून.

काउंटरवर बरणीच्या बुडाचा ओला गोल राहिला.
त्यात तारीख नव्हती.
पाच वाजेपर्यंत मी तो पुसला नाही,
पुढचे कागद जरा बाजूला घेतले.