त्रेपन्न अंश, त्रेचाळीस कला

इचलकरंजीत ध्रुव कधी दिसलाच नाही मला.
तो सोळा अंशांवर,
आणि सतरा अंशांपर्यंत शेजारच्या सायझिंगची चिमणी.
इथे टॉडमॉर्डनला तो बघायचा तर
मान मागे टाकावी लागते, टोपी पडते.

विल्फ्रेड सटक्लिफ म्हणाला, दुर्बिणीचा कणा
पृथ्वीच्या कण्याशी समांतर हवा,
म्हणजे आपल्या गावात त्रेपन्न अंश, त्रेचाळीस कला.
गाव बदललं की कोन बदलतो.
मी मनात वजाबाकी केली:
सदतीस अंश, एक कला.
तेवढा मी कलंडलोय. किंवा सरळ झालोय,
कुठून मोजता त्यावर.

आरसा त्याचा, सोळा इंची.
अकरा हिवाळे पिंपाभोवती गोल फिरत घासला
आणि लेप चढून आला त्याच वर्षी
त्याच्या नजरेच्या मधोमध करडा ठिपका बसला.
कडेचं दिसतं, म्हणतो,
जे बघायला जातो नेमकं तेवढंच जातं.
मग कणा माझ्याकडे आला.
"तू माग दुरुस्त करायचास ना?"
करायचो. बावीस वर्षं.

सगळं भंगारातलं.
ट्रान्झिट व्हॅनचे दोन हब, बेअरिंगसकट, चाळीस पौंडांना.
परसात काँक्रीटचा खांब ओतला,
वैजयंतीची कपड्यांची दोरी गेली त्यात,
अजून ऐकवते.
दुर्बिणीला तोलायला बंद गिरणीच्या तळघरातून
मागाची बिडाची वजनं आणली.
हातात घेताच ओळखली मी.
आमच्या शेडमध्ये हीच होती, याच भोकाची;
ते जुने माग बोटीनं इथूनच आले असणार.
गंज खरवडला. आत तेलाचा वास अजून.

"चालतंय की," मी म्हणायचो,
शाफ्ट दोन हजारांश इंच हलायचा तेव्हा.
तो शब्द त्याला पाठ झाला.
मायक्रोमीटर कानाशी धरून, टकटक ऐकून म्हणायचा,
"चॉल्टे की नाही."
पुन्हा लेथ.

मोठ्या चाकाला तीनशे साठ दाते,
त्यात फिरणारा स्क्रू, त्याला म्हणतात वर्म.
कुठेतरी अडत होतं. मी भिंगातून आठवडाभर शोधलं.
त्यानं डोळे मिटून दात्यांवरून करंगळी फिरवली
आणि दोनशे अकराव्यावर थांबला.
वर्मावर बोट ठेवणं म्हणजे काय
ते मी यॉर्कशरमध्ये शिकलो.

मग तीन आठवडे ढग.

मग एक रात्र. पूर्वेचा तारा तारेवर धरायचा
आणि नुसतं बघत बसायचं.
दक्षिणेकडे घसरला, म्हणजे कणा खाली झुकलाय,
बोल्ट अष्टमांश फेरा वर.
पुन्हा घसरला. पुन्हा अष्टमांश.
ध्रुवाच्या भरवशावर राहू नकोस, तो म्हणाला,
तोही नेमक्या जागी नाही,
चंद्राच्या थाळीपेक्षा जास्तच बाजूला आहे.
लहानपणी ऐकलेलं अढळपद
मी बोल्टच्या पान्यासकट खिशात टाकलं.
पावणेदहाला तारा तारेवर बसला तो बसलाच.

देवयानीच्या दीर्घिकेशेजारी तिची एक पुसट सोबतीण आहे.
मला काही दिसेना.
"सरळ बघू नको," तो खालून म्हणाला,
"जरा बाजूला बघ. मंद गोष्टी डोळ्याच्या कडेला दिसतात."
बाजूला बघितलं. होती.

मग तो चढला. मी शिडी धरली, त्याची कंबरही.
त्याला वेळ लागतो, नजर इकडेतिकडे सरकवत
नेमकी कड सापडेपर्यंत.
एरवी एवढ्यात आकाश निघून गेलं असतं.
मोटर मुंगीएवढा आवाज करत होती.
वजनं उतरत होती, दिसणार नाही इतकी हळू.
"अजून तिथंच आहे?" मी विचारलं.
तो बोलला नाही.
माझे पाय बधिर, थर्मासमधला चहा गार,
तो उतरेना.

तेवढ्यात दुपारपाळी संपवून
वैजयंतीची गाडी गल्लीत वळली,
आणि आम्ही दोघंही,
एक शिडीवरून, एक शिडीखालून,
एकदम ओरडलो:
दिवे!