काडी लावून बघते

माप घ्यायच्या आधी मी विचारते, काम काय करतोस?
गिऱ्हाईक हसतं. छाती मोज ना, काम काहून मोजती?
म्हणलं, छाती काय, सगळ्यांची सारखीच,
दोन इंच इकडं, दोन इंच तिकडं.
काम सांग. उन्हात की सावलीत, ते सांग.
आग समोर असती का पाठीशी?

जुन्या जालन्यात, कुंडलिकेच्या अंगाला
माझं दुकान: एक मशीन, एक बाकडं,
बरणीत काड्यापेट्या.
बाकीचे टेलर कापड चिमटीत धरून पारखतात.
मी काठाचा दोरा काढते, काडी लावते.
सूत असलं तर जळतं, राख होती,
फुंकर मारली की गेली.
टेरीचं तसं नाही. ते आकसतं, वितळतं,
त्याचा काळा मणी होतो,
आणि मणी बोटाला धरतो.

बर्फाच्या कारखान्यातला मुनीर
भर मे महिन्यात स्वेटर घेऊन आला.
बाहेर त्रेचाळीस, लोक दारात पाणी मारतायत,
आणि हा सांगतो, कोपरं झिजली, अस्तर लाव.
घामेजल्या हातांनी लोकर शिवली.
जाताना त्यानं ते खांद्यावर टाकलं,
अख्खी गल्ली बघत राहिली.

गोदाक्काला कापूस वेचायला
नवऱ्याचा जुना फुल शर्ट लागतो, लुगड्यावरून.
बोंडाची टोकं हात सोलतात,
बाही लांब ठेव म्हणती, पण कफ नको,
कफात दव साचतं.
हे मला कुठल्या क्लासात शिकवलं नव्हतं.
लाईनमन पंडित पितळी बटणं परत करतो.
फवारणीवाल्याचा सदरा मी हातात घेत नाही,
आधी धुऊन आण म्हणते, वेगळा,
पोरांच्या कपड्यांत नाही.

मग ठेकेदार आला. भट्टीवरच्या साठ पोरांचे ड्रेस.
कापड निळं, चकचकीत. चुरगळत नाही, म्हणला,
रंग जात नाही, रात्री धुतलं की सकाळी वाळतं.
पाठीवर कंपनीचं नाव, पिवळ्या दोऱ्यात.
मी दोरा काढला. काडी लावली.
त्याच्या तळहातावर मणी ठेवला.
तो म्हणला, बाई, सुती मीटरमागं चाळीसनं महाग,
वर धुण्यात आटतं.
मणी त्यानं झटकून टाकला.

मी नाही म्हणलं असतं तर सांगायला बरं झालं असतं.
मी शिवले. साठ.
मशीनचा हप्ता, पोरीच्या हॉस्टेलची फी,
कारणं खरी आहेत,
आणि सांगताना माझा आवाज बारीक होतो, तेही खरं.
एवढंच केलं: वरचे खिसे बंद शिवले,
ठिणगी उघड्या खिशात घर करती म्हणून.
पँटीला खाली दुमड ठेवली नाही.
आणि माप द्यायला आला त्याला हळूच सांगितलं,
आतून सुती बंडी घाल. फुल बाह्यांची.
उकडलं तरी.
काही हसले.

पौषात इंद्रजित आला. गार वारं सुटलेलं,
तुमचं बरंय बाबा थंडीत, असं मी म्हणणार होते.
त्यानं डावी बाही पुढं केली.
बाहीवर मणी होते, ज्वारीच्या कण्यांएवढे,
ओळीनं, कुणी मुद्दाम टाके घातल्यासारखे.
बंडी होती का?
होती, म्हणला. म्हणून एवढ्यावर भागलं.
आणि मनगटापाशी, बंडी जिथं संपली,
तिथं बघू नको म्हणला.
मी बघितलं.

बाही उसवली. ट्रंकेतनं मांजरपाट काढलं,
कोरं, जाड, खळीचा वास असलेलं.
निळ्या शर्टाला पांढरी बाही?
ठेकेदार विचारील ना, म्हणला.
विचारू दे.
नवं माप घेतलं: मनगटाच्या पुढं,
बोटांच्या मुळापर्यंत.

उद्या अजून तिघं येतो म्हणलेत, तो जाता जाता बोलला.
दिवा लावला, उरलेलं कापड बाकड्यावर पसरलं,
टेपनं मोजलं.
सव्वादोन मीटर.
पुन्हा मोजलं.