मॅचिंग

गुणवंत फोटोग्राफरने फोनवरच बजावलं होतं,
केळीच्या बागेत हिरवं घालून येऊ नका,
पानांत हरवाल, मग माझ्या नावाने ओरडू नका.
आणि अगदी एकसारखंही नको,
बँडवाले वाटतात.
एकमेकांना ओळखणारे रंग आणा.

एकमेकांना ओळखणारे!
आम्ही तोवर भेटलो होतो तीनदा,
त्यातलं एकदा अठरा माणसांत, पोह्यांच्या बशा धरून.

फुले मार्केटात वरचा मजला.
माझी मावशी म्हणे मोरपंखी,
त्याची वहिनी म्हणे डाळिंबी, फोटोत उठून दिसतं,
सेल्समन प्रत्येक ठाणावर तळवा फिरवून म्हणे
ताई, हे तर तुमच्यासाठीच आलंय सुरतेहून.
गादीवर इतके रंग सांडलेले
की पाय कुठे ठेवावा कळेना.

हितेंद्र कोपऱ्यात स्टुलावर.
"तुम्ही ठरवाल ते."
दोनदा विचारलं, दोनदा तेच.
मला राग आला.
आत्ताच असं,
तर घराच्या भिंती कोणी रंगवायच्या पुढे?

"तो लाल कुर्ता द्या जरा," मी म्हटलं.
त्याने दिला.
हिरवा.

मी हसले. चेष्टा असेल.
त्याने कुर्त्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
मग घाईने उलटून लेबलाकडे.
लेबलावर नुसता आकडा होता.
बेचाळीस.

पाणी प्यायच्या निमित्ताने आम्ही जिन्यात.
खालून कढीवड्यांचा वास, वर लोंबणाऱ्या वायरी.
"मले लाल अन् हिरवं कयत नाही व," तो म्हणाला.
अहो-जाहो, शुद्ध मराठी, सगळं गळून पडलं एकदम.
भुसावळला, रेल्वेच्या मेडिकलमध्ये,
ठिपक्यांचं एक पुस्तक ठेवलं होतं पुढे.
सगळ्यांना त्यात आकडे दिसले.
त्याला ठिपके.
वडिलांनी तीस वर्षं मालगाडी चालवली,
त्यांना सांगितलं, नोकरी नको, धंदा करतो.
तेव्हापासून ठिबकच्या नळ्यांचं दुकान.
"नळ्या काळ्या असतात," तो म्हणाला,
"त्यात चूक होत नाही."

मला आधी काय वाटलं ते लपवत नाही.
फसवलं, असं वाटलं.
एक पायरी उतरले पण होते.

मग विचारलं, काहीतरी विचारायचं म्हणून,
आणि सिग्नलला?
"वरचा लाल, खालचा हिरवा. पाठ आहे."
आणि भरताची वांगी?
"हातात घेऊन.
हलकं असलं की बिया कमी."
हे सांगताना त्याचा हात
खरंच एक वांगं तोलत होता हवेत.

पुन्हा वर गेलो.
"निळं दिसतं मला," जिन्यातच म्हणाला होता, "पिवळंही. चांगलं दिसतं."

मी निळी साडी काढायला लावली.
साखरपुड्याला निळं? मावशीचा आवाज चढला.
वहिनीने डाळिंबी तीनदा माझ्या खांद्यावर टाकली,
मी तीनदा घडी करून परत दिली.
त्याला पिवळा कुर्ता, हळद जरा जास्त झालेल्या पिठल्यासारखा.
कापड त्यानेच निवडलं, डोळे मिटून, अंगठा आणि बोटांत चुरगाळून.
सेल्समन म्हणाला, साहेबांना पारख आहे.

रविवारी रावेरच्या बागेत
सकाळी सातला पानांवरून पाणी ठिबकत होतं,
माझ्या निऱ्यांना काळी माती,
आणि गुणवंत चिखलात गुडघे टेकून ओरडत होता,
दोघं त्या लाल केळफुलाकडे बघा! तिकडे! लाल!

मी बघितलं.
त्याने माझ्याकडे बघितलं,
मी कुठे बघतेय ते पाहिलं,
आणि मग तिकडे.

गुणवंतने नेमकं मधलंच टिपलं.
अल्बममध्ये वहिनी बोट ठेवून म्हणते,
हा वाया गेला, हितूभाऊंची नजर चुकली.

तोच मोठा करून घेतलाय.